ताराआईचा काळा चष्मा

मित्रांनो, मी एक जुना काळा चष्मा आहे. ऐटीत मिरवायचा चष्मा नव्हे हं. मोतीबिंदू काढल्यावर दवाखान्यातून देतात ना, कडेनेही झाकलेला, बेढब, प्लास्टिकचा, तो मी. मला लावून माणूस देखणा दिसला, असं अजून कुणी म्हटलेलं नाही. कुठल्याशा कारखान्यात भावंडांच्या ढिगात माझा जन्म झाला, खोक्यात बसून मी म्हापशाच्या एका दवाखान्यात आलो आणि तिथे मला ताराआई मिळाली.

ताराआई मूळची दोडामार्गकडची. नवरा गेल्यावर मुलगा गौरेशबरोबर ती पेडण्याजवळ भाड्याच्या घरात राहायची आणि काजूच्या हंगामात लोकांच्या बागायतीत बिया वेचायला जायची. तिचा डावा डोळा कधीचाच गेला होता, त्यावर उपाय नव्हता. उजव्यावरचा मोतीबिंदू आता काढला होता. म्हणजे पुढच्या सगळ्या आयुष्याची भिस्त त्या एका डोळ्यावर. डॉक्टरांनी गौरेशला बजावून सांगितलं की धूळवारा लागू देऊ नका, हा चष्मा उतरवू नका, आणि डोळा लाल झाला किंवा अंधुक दिसू लागलं तर त्याच दिवशी घेऊन या. गौरेशने मान डोलावली.

पट्टी निघाली तेव्हा माझ्यातून तिने पहिल्यांदा लेकाकडे पाहिलं. किती बारीक झालास, म्हणाली. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. मी तिच्या नाकावर बसून चूल पाहिली, अंगण पाहिलं, शेजारच्या मंजुळेची गाय पाहिली. तिला प्रत्येक गोष्टीचं नवल वाटायचं आणि तिच्यामुळे मलाही.

गौरेश मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवायचा. वाईट मुलगा नव्हता. पण गुरुवारी दुपारी त्याची पावलं डिचोलीकडे वळत. तिथे बाबली नावाच्या ट्रकवाल्याच्या माडीवर पोकरचा डाव बसे. गौरेशला पैशांपेक्षा ब्लफचं वेड होतं. हातात काहीच नसताना असं खेळायचं की समोरच्याने आपली चांगली पानं टाकून द्यावीत, यासारखं सुख त्याला ठाऊक नव्हतं. अडचण एवढीच की त्याचे डोळे त्याला दगा द्यायचे. पानं चांगली असली की पापण्या फडफडत आणि थाप मारताना डोळे एकदम थिजून जात. बाबलीने ते केव्हाच हेरलं होतं.

एका गुरुवारी आईने पुसायला दिलेला मी चुकून त्याच्या खिशात राहिलो. त्याने गंमत म्हणून मला लावलं आणि तो जिंकला. झालं. मी लकी ठरलो. माझी स्तुती सुरू झाली, लोक मला हात लावून बघू लागले. मला मात्र आतून ते थिजलेले डोळे दिसत आणि गुदमरल्यासारखं होई. मी उजेड अडवायला जन्मलो होतो, खरं अडवायला नव्हे.

साधा गॉगल लावूनही त्याचं काम झालं असतं. पण नशीब बदललेलं त्याला नको होतं. म्हणून त्याने नवा गॉगल स्वतःला घेतला नाही, आईला घेतला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून झगझगीत, कडेने उघडा गॉगल आणला आणि सांगितलं की हा भारीतला आहे, दवाखान्यातला काय, टाकाऊ माल. ताराआईने तो लावला, छान आहे म्हणाली आणि बागायतीत बिया वेचायला गेली. माझी रवानगी भिंतीवरच्या खिळ्यावर झाली, आणि गुरुवारी गौरेशच्या खिशात.

बाबलीच्या माडीवरच्या बैठकींमुळे मला ब्लफची विद्या चांगली कळली आहे, मित्रांनो. गौरेश दोस्तांना समजावून सांगायचा ते मी ऐकलंय. थाप एका माणसाला मारावी, सगळ्या मेजाला नाही. जो पानं टाकू शकतो त्यालाच मारावी. पहिल्या पैजेपासून एकच गोष्ट सांगत यावं, मध्येच सूर बदलू नये. आणि समोरचा न विचारता फार बोलू लागला तर समजावं, त्याच्या हातात काही नाही. हे सगळं त्याला पाठ होतं. म्हणूनच पुढचं सांगताना माझा जीव जळतो.

वाऱ्याच्या दिवसांत ताराआईच्या डोळ्यात धूळ गेली. तिने तो चोळला. दुसऱ्या दिवशी तो लाल झाला, तिसऱ्या दिवशी ठणकू लागला. गौरेश कामावर गेला असताना ती भिंत धरत आली, चाचपडत मला खिळ्यावरून काढलं आणि लावून बसली. आतून मी तो डोळा पाहिला. सुजलेला, पू धरलेला. मला वाटलं, आता संध्याकाळी ती सांगेल. पण टॅक्सीचा आवाज येताच तिने मला होतो तसा टांगला आणि तो झगझगीत गॉगल चढवला.

का, माहीत आहे? शस्त्रक्रियेआधी खर्चाची गोष्ट निघाली तेव्हा गौरेश म्हणाला होता, एका बैठकीत काढतो. त्या बैठकीहून तो गळ्यातली चेन हरून परतला होता. आपलं दुखणं सांगितलं की पोरगा पत्त्यांवर बसतो, एवढा धडा तिने घेतला होता. त्याला पत्त्यांपासून अडवायचं, तर दुखणं असताच कामा नये.

तपासणीचा दिवस नेमका गुरुवारी आला. गौरेशने मला खिशात घातलं आणि दारात थांबून विचारलं, जायचं का दवाखान्यात?

"कित्याक? माका सगळा बरा दिसता," ताराआई म्हणाली. "तुजो निळो शर्ट दिसता, बटणा दिसतत, भायर मंजुळेची गाय दिसता. तू आज घराक रव, पेज करतंय."

शर्ट तिनेच सकाळी हाताने चाचपून काढून ठेवला होता. गाय तर हंबरतच होती. न विचारता ती किती बोलत होती! मी खिशात ओरडत होतो, पण प्लास्टिकचं कोण ऐकतं? गौरेश अनोळखी माणसाचा श्वास ओळखायचा. आईचं मात्र त्याने सगळं खरं मानलं, कारण खरं मानलं की त्याला जाता येत होतं. डोळा बरा आहे म्हटल्यावर घरी थांबायला कारणच उरलं नाही. बिचारीने त्याला अडवायला थाप मारली आणि त्याच थापेने वाट मोकळी करून दिली.

त्या दिवशी तो बाबलीवर मोठा ब्लफ जिंकला. खुशीत आईसाठी जत्रेतलं गोड खाजं घेऊन घरी आला आणि पुडी पुढे केली.

"खाजा हाडलंय, आये. घे."

तिने हसत हात पुढे केला. तो पुडीच्या बाजूला, रिकाम्या हवेत गेला आणि तिथेच काही तरी घेतल्यासारखा मिटला. गौरेशने तिचा गॉगल उतरवला. मग तिला तशीच उचलून त्याने टॅक्सीत बसवलं.

डॉक्टरांनी विचारलं, लाल कधी झाला? ताराआई बोटांवर दिवस मोजू लागली. डोळा गेला. आता काही करता येणार नव्हतं.

मित्रांनो, घरातलं कुणी न विचारताच सगळं ठीक असल्याचं सांगू लागलं, तर घाईने चप्पल घालू नका. जवळ बसा, त्याच्या डोळ्यांत नीट पाहा. आणि ज्याचा चष्मा त्याच्याच नाकावर राहू द्या. माझी एवढीच विनवणी आहे.

गौरेश महिनाभर कुठेही गेला नाही. मग एका गुरुवारी त्याने मला खिळ्यावरून काढलं, विचार केला आणि पुन्हा तिथेच टांगलं. मला वाटलं, सुटलो. तो आईजवळ जाऊन म्हणाला, "आये, विमानतळावर भाडा आसा. येतंय."

"बरा. सांबाळून जा," ती म्हणाली आणि आवाजाच्या दिशेने तोंड करून बसून राहिली.

त्याचे डोळे थिजलेले होते. ते झाकायची आता त्या घरात गरज नव्हती.