फान काकांचा इंटरव्यू

सायकलचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात माणसं भरती करायचं काम रुइलानकडे होतं. मालकांनी व्हिएतनाममध्ये दुसरा कारखाना काढायचं ठरवलं आणि तिला बजावलं, "तिथली माणसं तूच निवडायचीस, इंग्रजीतून. तयारीला लाग." चीनमधल्या खुनशान शहरात तिचं स्वतःचं असं कोणी नव्हतं, संध्याकाळी मोकळ्याच असत. कामगार संघाच्या इमारतीत इंग्रजीचा वर्ग चालायचा, तिथे तिनं नाव घातलं.

शिकवणाऱ्या तिंग बाई जोड्या लावून सराव घेत. एकानं साहेब व्हायचं, दुसऱ्यानं उमेदवार. रुइलानच्या वाट्याला फान काका आले. लेथवर जन्म काढून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटे. उमेदवार व्हायला त्यांना भारी आवडे.

"आमच्या वेळी कसला आलाय इंटरव्यू!" ते म्हणायचे. "वरून चिठ्ठी यायची, अमुक कारखान्यात हजर व्हा. तुला इथे का यायचंय, असं जन्मात कुणी विचारलं नाही बघ. विचार ना पुन्हा."

ती पुन्हा विचारायची. ते अडखळत, शब्द जुळवत उत्तर द्यायचे. एकदा 'व्हेकन्सी' शब्द आला. अर्थ ऐकून काका म्हणाले, "रिकामी जागा होय! ती तर माझ्या घरातही आहे. पण जाहिरात कोण देणार?" वर्ग खो खो हसला. रुइलानला हसू आलं नाही.

शेवटच्या तासाला तिनं रीतसर हात पुढे केला. "अभिनंदन. तुमची निवड झाली. कामावर कधीपासून येता?"

"सोमवारपासून," काका इंग्रजीत म्हणाले. एकही चूक नाही.

सोमवारी सकाळी गेटवरून पहारेकऱ्याचा फोन आला. "मॅडम, एक म्हातारा आलाय. म्हणतो, तुम्ही नोकरी दिलीय. हाकलू का?"

ती धावतच खाली गेली. इस्त्रीचा शर्ट घालून, चहाची बाटली काखोटीला मारून काका उभे होते.

"काका, अहो, तो सराव होता..."

"ठाऊक आहे गं. म्हातारा झालोय, खुळा नाही." ते जमिनीकडे बघत म्हणाले, "सकाळी जाग आली नि वाटलं, आज आपल्याला कुठेतरी जायचंय. मग पाय निघालेच. आता गेट पाहिलं, जातो परत."

तिनं त्यांना तसं जाऊ दिलं नाही. कॅन्टीनमध्ये नेऊन गरम नूडल्स खायला घातल्या. शेजारच्या टेबलावर कुणीतरी पुटपुटलं, "मॅडमचे वडील दिसतात." दोघांनी ऐकलं, पण नाही म्हणून कुणीच सांगितलं नाही. निघताना ती म्हणाली, "रविवारी माझ्याकडे जेवायला या."

ते आले. भाजलेलं बदक घेऊन आले. तिनं भात, मासे, कोबी केला होता. सुरुवातीला बोलणं झालं, तिच्या मालकांबद्दल, बदकाच्या भावाबद्दल. मग विषय संपले. इतकी वर्षं एकट्यानं जेवायची सवय, समोर माणूस असलं की काय बोलायचं ते सुचेना. काका खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत राहिले. ऊन उतरायच्या आतच उठले.

"छान झालं हो जेवण," म्हणाले.

"पुन्हा या."

"बघू, पोरी."

जिन्यातली त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी ती दारात उभी होती. बदक बरंच उरलं होतं. ते तिनं रात्री खाल्लं, दुसऱ्या दिवशीही खाल्लं.