गुडघा बरा झाल्यावर

अर्धांगवायूनं नवऱ्याची उजवी बाजू गेली, तेव्हापासून त्याला पलंगावरून खुर्चीत बसवायचं काम तिचंच. तो बसचा ड्रायव्हर, अंगापिंडानं दांडगा. ती शिवणकाम करणारी, काडीसारखी. तरी काखेत हात घालून ती त्याला उभं करायची आणि म्हणायची, "चला, डबल बेल." एका सकाळी त्याचा पाय घसरला. त्याला सावरताना तिचा गुडघा आतल्या आत पिळवटला, कट्कन आवाज आला, आणि दोघंही जमिनीवर. शेजारी धावून येईपर्यंत तो एकच विचारत होता, "तुला लागलं का गं?"

लिगामेंट फाटलं होतं. आता तिलाच उठवायला माणूस हवं, तिथं त्याला कोण उचलणार? लेक परगावाहून आली, दोघांचं करता करता मेटाकुटीला आली, आणि शेवटी तिनं वडिलांना शुश्रूषागृहात ठेवलं. म्हणाली, "तुझा पाय बरा होईपर्यंतच गं, आई."

त्या एका शब्दावर ती तग धरून राहिली. व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपीवाली मुलगी घरी यायची. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची. "काकू, खाली दाबा. मांडी आवळा. सोडा." सुरुवातीला मांडी ऐकायलाच तयार नव्हती. मग टाच सरकवणं, पाय सरळ उचलणं, भिंतीला पाठ टेकून थोडं खाली बसणं. डोळ्यांत पाणी यायचं, पण दातओठ खाऊन ती करायची. मुलगीच म्हणायची, "पुरे, सूज येईल." मुलगी गेली की ही पुन्हा सुरू. सूज यायची, वर बोलणीही खावी लागायची.

जिना धडपणे चढता आला, त्या दिवशी तिनं विचारलं, "आता ह्यांना आणू ना घरी?"

मुलीनं टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "काकू, तुम्ही चालाल, मशीन चालवाल. पण काकांना उचलायचं नाही. कधीच. गुडघा तेवढं पेलणार नाही."

"मग एवढं केलं ते कशासाठी?"

मुलीनं घडी घातलेला टॉवेल तिच्या हातात दिला.

तरीही त्याला घरी आणायचंच ठरवून ती शुश्रूषागृहात गेली. तो खिडकीपाशी बसला होता, शर्टाची बटणं वरखाली लावलेली.

"काठी कुठंय?"

"सुटली."

तो अर्ध्या तोंडानं हसला. "चालून दाखव." ती दारापर्यंत जाऊन आली. त्याचे डोळे भरले.

"सोमवारी घरी नेते तुम्हाला."

जड जिभेनं तो म्हणाला, "नको."

"फिजिओनं सांगितलं वाटतं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? वजन माझं आहे."

"अहो, मी तिकडे मर मर मरते, आणि तुम्ही..."

त्यानं डावा हात तिच्या हातावर ठेवला. "घरी रोज वाटायचं, आज पडणार. तुला घेऊन पडणार. इथं दोघं जण उचलतात. भीती वाटत नाही."

तो घाबरत होता, हे तिला कधी कळलंच नव्हतं. इतके दिवस ती आपली हसवत राहिली. ती खाली वाकली आणि त्याच्या शर्टाची बटणं सोडून नीट लावू लागली. बराच वेळ लावत राहिली.

परतताना जिन्यात शेजारीण भेटली. "अगंबाई, काय छान चालायला लागलात."

"हो," ती म्हणाली, "झाला बरा," आणि कुलूप काढून एकटीच आत गेली.