वायुबाबांची मोटार

साल १९८४. पन्हाळ्याच्या चढाखाली त्या रविवारी जत्रेसारखी गर्दी होती. तेव्हा भरलेली डिझेल गाडी चढावर धापा टाकायची. माणसं उतरून चाकामागं दगड लावायची. वायुबाबांच्या परदेशी मोटारीतून मात्र सात माणसं बसल्या जागी वर जायची. गाडी मंदावली की बाबा अ‍ॅक्सिलरेटर दाबून मंत्र सुरू करायचे. तो संपता संपता बॉनेटखालून बारीक शीळ उठायची आणि गाडी उसळी घ्यायची.

"इंजनाच्या छातीत भरतो तोच वारा लेकराच्या छातीत भरीन," बाबा सांगायचे. "गोळ्या दिल्या की वारा रुसतो."

शालूबाई हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. त्यांची नऊ वर्षांची मुलगी आक्काताई दम्यानं बेजार. बाईंनी तीन आठवडे तिच्या गोळ्या बंद ठेवल्या. डॉक्टर रागावले, तर त्यांनाच म्हणाल्या, "मी डोळ्यांनी बघितलंय."

शेजारचा इलाही मिस्त्री डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. तोही टेंपो घेऊन आला होता. "बाई, ही शीळ वळखीची वाटती. एकदा बॉनेट उघडून बघू या की."

बॉनेटवर भगवं कापड होतं, हळदकुंकू होतं. बाईंनी त्याचा हात झटकला. "लावू नका हात. विटाळ होईल."

दर ईदला ज्याच्या घरचा शिरखुर्मा खायचा, त्याला चारचौघांत असं बोलल्या. इलाही नुसता "बरं" म्हणाला.

बाबांनी मायलेकींना पुढं बसवलं. निम्म्या चढावर फट्ट आवाज झाला. गाडी काळा धूर ओकत थांबली. मंत्र तीनदा झाला, शीळ काही उठेना. धुरानं आक्काताईचा श्वास कोंडला, ओठ निळे पडले.

"बाबा, भरा की वारा," बाई रडकुंडीला आल्या.

"तुमचा भाव कमी पडला, बाई," बाबा म्हणाले आणि रुमालानं घाम पुसू लागले.

मागून इलाहीचा टेंपो आला. त्यानं पोरीला उचलून थेट दवाखाना गाठला. इंजेक्शननंतर दोन तासांनी तिला धड श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी मोटार तिथंच होती. बाबा पसार झाले होते, किल्ली चेल्याच्या हातात. शालूबाईंनी स्वतः कापड काढलं. इलाहीनं गोगलगाईसारखा एक लोखंडी डबा दाखवला.

"ह्याला टर्बो म्हणत्यात. इंजनाचा धूर बाहेर पडताना हिकडचं पातं फिरवतो. त्याच दांडीवरचं तिकडचं पातं भायेरचा वारा दाबून इंजनात कोंबतं. वारा जादा, म्हून डिझेल जादा जळतं, ताकद वाढती. पात्याला जोर धराय जरा येळ लागतो, तेवढाच बाबाचा मंतर. काल ह्या पायपाचा पट्टा निसटला आन् वारा भायेर गेला."

त्यानं पट्टा आवळला, सात माणसं बसवली आणि मंत्राविना गाडी वर नेली. शीळ वाजलीच. हवेचा दाब हा धडा बाई अकरा वर्षं शिकवत होत्या.

"इलाहीभाई, काल मी जे बोलले…"

"पोरगी कशी हाय?" त्यानं विचारलं.

मोटार बाबांच्या मुंबईच्या भक्ताची होती, ती तो घेऊन गेला. बाबा पुढं कोकणात कुठंतरी दिसल्याचं लोक सांगत. इलाही शहाण्णव साली वारला. आक्काताई पेठ वडगावला सासरी नांदते, दम्याचा पंप पर्समध्ये ठेवते. शालूबाईंनी निवृत्तीपर्यंत दर वर्गाला ही गोष्ट स्वतःचं नाव घेऊन सांगितली. "चमत्कार दिसला की झाकण उघडायला सांगा. कुणी उघडत असेल तर त्याला अडवू नका. आणि डॉक्टरांची गोळी बंद करू नका," असं त्या बजावायच्या. विटाळाचं वाक्यही गाळायच्या नाहीत. फक्त ते म्हणताना त्यांची नजर टेबलावर असायची.