यकृतावरचा आळ

कुलूपवाल्यांचा रक्ताचा रिपोर्ट त्यांच्याआधी मुलीच्या फोनवर पोहोचला आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला. त्यांनी दारू सोडली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. सोडली म्हणजे सोडलीच. जुन्या मित्रांच्या बैठकीतही ते सरबताचा ग्लास घेऊन बसत. पण यकृताची एसजीओटी आणि एसजीपीटी ही दोन्ही एन्झाइम्स वाढलेली निघाली, त्यातही एसजीओटी जास्त. असं पिणाऱ्यांच्या रक्तात दिसतं, हे जावयाने कुठेतरी वाचलं. झालं!

तोंडावर कोणी काही बोलेना. मुलगी दुकानात येऊन किल्ल्या कापायच्या यंत्रामागे, खणांत, तेलाच्या डब्यांमागे धुंडाळू लागली. काय हवंय विचारलं तर म्हणाली, पेचकस. तो तिच्या नाकासमोर पडला होता. जावई उगाच जवळ सरकून त्यांचा श्वास हुंगू लागला. कुलूपवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात जात होती, पण भांडायचं तरी कशावरून? आरोप कोणी करतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. जावयाने आपलं ज्ञान पाजळायला सुरुवात केली. बाईंनी त्याला हातानेच थांबवलं आणि कुलूपवाल्यांना विचारलं, तपासणीआधी काही जड काम केलं होतं का?

"तिजोरी," ते म्हणाले. रक्त द्यायच्या आदल्या दिवशी एक बिघडलेली लोखंडी तिजोरी त्यांनी एकट्याने रेटत, उचलत दुकानात घेतली होती. दंड आणि मांड्या अजून ठणकत होत्या.

बाईंनी समजावलं, ही एन्झाइम्स एकट्या यकृताची मिरासदारी नाही. स्नायूंमध्येही ती असतात आणि स्नायू दुखावले की रक्तात उतरतात. दारूने बहुतेकदा वाढणारं जीजीटी यांचं व्यवस्थित होतं. तरी खात्रीसाठी त्यांनी स्नायूंची सीपीके तपासणी करायला लावली. सीपीके भलतंच वाढलेलं निघालं. आता काही दिवस काही उचलायचं नाही, मग यकृताची तपासणी परत करायची, असं ठरलं.

जिन्यात मुलगी थांबली. जावई गाडी काढायला पुढे गेला होता.

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं," कुलूपवाले म्हणाले.

"विचारायची भीती वाटली, बाबा. तुम्ही हो म्हणाला असतात तर?"

त्यांच्या जिभेवर चांगलं खरमरीत उत्तर तयार होतं. पण ती लहान असताना दाराआड उभी राहायची ते त्यांना आठवलं आणि ते उत्तर त्यांनी गिळलं. राग मात्र गेला नाही. तो त्यांनी गाडीत जावयावर काढला, तो चुकीच्या रस्त्याने वळला म्हणून.

पुढच्या तपासणीत आकडे जवळपास जागेवर आले. पण मुलीचा रोज संध्याकाळी फोन येतो: आज काही उचललं नाहीत ना? कुलूपवाले वैतागून सांगतात, फक्त हा फोन उचलला.