तळहाताएवढा हिरवा

मित्रांनो, मी एक जुनी इटालियन गाडी आहे, एवढे नक्की. बाकी सगळ्याच बाबतीत हल्ली माझा गोंधळ उडतो.

इटलीतल्या एका लहान कारखान्यात कारागिरांनी माझे पत्रे हातोडीने ठोकून घडवले. माझे इंजिन एकाच माणसाने जोडले. ते पहिल्यांदा सुरू झाले, तेव्हा तो डोळे मिटून ऐकत राहिला. शेजारी शर्यतीच्या लालभडक गाड्या उभ्या होत्या. मीही लालच होते ना? की त्यांच्याकडे पाहून मला तसे वाटू लागले?

पुढे दुबईत मला खैरुद्दीनशेठनी घेतले. ते मूळचे रत्नागिरीचे, कापडाचे व्यापारी. सिग्नलला लोक काच खाली करून माझा आवाज ऐकत. मग शेठचे गुडघे दुखू लागले आणि मी दहा वर्षे कापडाखाली उभी राहिले.

शेठ आता रोज विचारतात, "माझी हिरवी गाडी कुठाय?"

त्यांची लेक अरफा सांगते, "अब्बा, आपली रेडच आहे. पहिल्यापासून." शेठना विसर पडतो, असे घरात सगळे धरून चालले. मीसुद्धा.

शेवटी अरफाने मला विकायचे ठरवले आणि शारजात बदरुद्दीनचाचांच्या गॅरेजमध्ये आणले.

"चाचा, रंग फिका पडलाय, परत रेड मारा. इटालियन म्हणजे रेडच हवी. परवा बायर येतोय."

"मारतो की. पण आधी घासू दे. खालचं बघितल्याशिवाय मी रंग लावत नाही. गावाला होड्या रंगवायचो, तेव्हापासूनची खोड."

"चाचा, ही होडी नाहीये!"

"पाण्यात घालू नकोस म्हणजे झालं."

चाचांनी डिकीच्या झाकणाआड तळहाताएवढी जागा घासली. लाल गेला. मग पांढरा अस्तराचा थर गेला. सगळ्यात खाली अळूच्या पानासारखा गडद हिरवा निघाला.

"हा कंपनीचा रंग," चाचा म्हणाले.

अरफा त्यावर बोट ठेवून उभी राहिली. मग तिने फोन लावला. "अब्बा, गाडी ग्रीनच होती. सॉरी."

पलीकडून हसू आले. "मग मी काय सांगत होतो? तुझ्या जन्माच्या वर्षी लाल केली. जो तो म्हणायचा, इटालियन आणि हिरवी? डुप्लिकेट असेल!"

अरफाने डोळे पुसले. "चाचा, रेड खलास. बायरला मी 'नाही' म्हणून कळवते. अब्बांना घेऊन येते उद्या."

मित्रांनो, पस्तीस वर्षे लाल राहिल्यावर स्वतःला काय म्हणावे, ते मला अजून कळत नाही. पण घरातले जुने माणूस काही वेगळेच सांगू लागले, तर त्याला चटकन चूक ठरवू नका. आधी थोडे खाली पाहा.

उद्या शेठ येतील. तळहाताएवढा हिरवा तुकडा उघडा ठेवून मी त्यांची वाट पाहते आहे.