रोदैनाचं गालगुंड

आजार निवडताना वगीहनं अजिबात घाई केली नाही. ताप म्हणावा, तर थोरली बहीण कोंबडीचं सूप घेऊन नदीपलीकडून दारात हजर झाली असती. जुलाब म्हणावेत, तर भाताची पेज घेऊन. कांजिण्या तिच्या तिन्ही पोरांना येऊन गेलेल्या, म्हणजे ‘आम्हाला कसली भीती’ म्हणत ती अंथरूण-पांघरुणासकट आली असती. वगीह फार्मसीचा पदवीधर होता. नाईलकाठच्या मन्सूरा शहरातल्या एका औषधाच्या दुकानात तो पांढरा कोट घालून उभा राहायचा आणि अख्खी गल्ली त्याला डॉक्टर म्हणायची. त्यामुळं खोटंसुद्धा शास्त्रशुद्ध असावं, असा त्याचा आग्रह असे. पूर्ण विचारांती त्यानं गालगुंड नक्की केलं आणि नदीपलीकडं तल्ख्याला बहिणीला फोन लावला. तिला तो अब्ला म्हणायचा, म्हणजे ताई.

“अब्ला, शुक्रवारचं समुद्राचं रद्द. रोदैनाला गालगुंड झालंय.”

“अगं बाई! डाव्या गालाला की उजव्या?”

याचा त्यानं विचार केला नव्हता. “दोन्ही.”

“दोन्ही? तुझ्या घरात काही म्हणून अर्धवट होत नाही. थांब, मी येते. नीळ लावते गालांना. आईनं तुला लावली होती, आठवतं का? दोन दिवस निळ्या माकडासारखा फिरत होतास.”

“येऊ नकोस! लागट असतं ते. तुझा हमादा आहे लहान. मुलग्यांना फार वाईट. पुढं वंशावर येतं.”

“त्याला आधी स्वतःचं नाक पुसता येऊ दे, वंशाचं मग बघू.” पण ती थबकली. “बरं, नाही येत. पोरांना मी समजावते. समुद्र काय कुठं पळून जातोय? लेकराला जप. आणि हे बघ, दारावर येणाऱ्या कुणाला सांगत बसू नकोस. आजाराचं नाव घेतलं की आजार ऐकतो.”

इब्तिसाम विधवा होती, पण त्याबद्दल कुणाला कीव करायला फुरसत ती देत नसे. समुद्रावर जायचं म्हणजे द्राक्षपानांच्या भात भरलेल्या गुंडाळ्यांचं पातेलं, चटई, स्टोव्ह, एक फुटकी बादली आणि किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज, हे सगळं तिच्यासोबत यायचं. अंगातल्या लांब झग्यासकट ती पाण्यात शिरायची आणि बाहेर येताना झग्यात समुद्राचा बराचसा भाग घेऊन यायची. परीक्षा संपल्या की तिच्या पोरांना समुद्रकाठच्या रास-एल-बरला न्यायचं, हे वगीहनंच कबूल केलं होतं. पण त्याच शुक्रवारी डॉक्टर हातिमनी त्याला तिथल्याच आपल्या घरी सहकुटुंब बोलावलं. मन्सूरात निम्म्या चौकांत डॉक्टर हातिमची औषधांची दुकानं होती आणि विद्यापीठापाशी नवं निघणार होतं. ते चालवायला त्यांना माणूस हवा होता.

“गाडी बिघडली म्हणायचं होतंस,” नशवा म्हणाली. ती त्याची बायको. खोट्याला तिची हरकत नव्हती, विषयाला होती. “लेकीच्या आजाराचं खोटं बोलू नये. अंगावर येतं.”

“गाडी बिघडली म्हटलं असतं तर तिनं मिस्त्री पाठवला असता.”

एवढ्यात टेबलाखालून पाच वर्षांची रोदैना बाहेर आली. “मला काय झालंय, बाबा?”

“काही नाही गं. आत्यानं फोनवर विचारलंच, तर गाल दुखतायत म्हणायचं. गंमत आहे आपली.”

रोदैनानं ती गंमत मनावर घेतली. संध्याकाळपर्यंत ती आरशासमोर दोन्ही गाल हातात धरून, ओठ न हलवता पाणी मागू लागली होती. पोरगी हुशार आहे, असं वगीहला वाटलं. खोटं कशाला बोला, अभिमानच वाटला.

रास-एल-बरमध्ये घराला ‘झोपडी’ म्हणतात. कोणे एके काळी लोक तिथं उन्हाळ्यापुरत्या चटयांच्या झोपड्या बांधायचे, म्हणून. डॉक्टर हातिमची झोपडी तीन मजली होती आणि जिना संगमरवरी होता. त्यांच्या पत्नी, मॅडम इंगी, यांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा जेवतानाही काढला नाही. त्यांना जुळे मुलगे होते. ते रोदैनाला घेऊन बागेत पळाले आणि वगीह काट्यानं कोळंबी सोलायच्या खटपटीला लागला. घरी तो ती हातानं सोलतो आणि बोटं चाटतो.

“औषधं काय, कुणालाही कळतात,” डॉक्टर हातिम म्हणाले. “मला माणूस घरंदाज हवा. चार चांगल्या लोकांत उठबस असलेला.”

“अर्थात,” वगीह म्हणाला. कोळंबी काट्यावरून निसटून नशवाच्या ताटात गेली.

ऊन उतरल्यावर सगळे पायी ‘जिभे’कडे निघाले. नाईल नदी जिथं संपते आणि समुद्र सुरू होतो, त्या दगडी टोकाला तिथं जीभ म्हणतात. शुक्रवारच्या संध्याकाळी निम्मा जिल्हा त्या जिभेवर असतो. जुळ्यांनी भाजलेलं कणीस घेतलं आणि रोदैनासकट तिघांनी ते आळीपाळीनं चावायला सुरुवात केली. मॅडम इंगी नशवाला पडद्यांच्या कापडाबद्दल सांगत होत्या. वारा छान होता. विद्यापीठापाशी आपल्या दुकानाची पाटी कोणत्या रंगाची असावी, याचा वगीह विचार करत होता.

“वगीह!”

हा आवाज किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू गेला असेल.

इब्तिसाम समोरून येत होती. झगा गुडघ्यापर्यंत ओला, कमरेवर पातेलं, मागं दोन मुली आणि बादली. भावानं रद्द केलं म्हणून पोरांचा समुद्र रद्द का व्हावा, असा विचार करून ती सकाळीच मायक्रोबसनं आली होती. वगीहला पुढं कितीतरी दिवस जे छळत राहिलं, ते हे, की तिचा चेहरा आधी नुसता आनंदला. भाऊ दिसला, म्हणून. बाकीचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर मागाहून आला.

तीन वर्षांचा हमादा धावत येऊन वगीहच्या पायाला बिलगला. “मामा!”

रोदैनानं आत्याला पाहिलं. शिकवलेलं ती विसरली नव्हती. तिनं कणीस जुळ्यांकडे दिलं, दोन्ही गाल दोन्ही हातांत धरले आणि ओठ न हलवता म्हणाली, “आत्या, खूप दुखतायत.”

इब्तिसामनं भाचीकडे पाहिलं. भावाच्या पांढऱ्या कडक इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं. मग त्या काळ्या चष्म्याकडे. आणि तिनं भावाला मदतीचा हात दिला, जसा ती नेहमी द्यायची, न मागता.

“काय सांगतेस! उतरलं की गं गालगुंड! समुद्राच्या हवेला आणलंत ते बरं केलंत. हवेनंच उतरतं ते.”

“गालगुंड?” मॅडम इंगींनी चष्मा काढला. “कुणाला गालगुंड? हातिम! पोरं तिच्याच कणसाला तोंड लावतायत! मुलग्यांना ते किती वाईट असतं, ठाऊक आहे ना? पुढं वंशावर येतं!”

हे शास्त्र वगीहला ठाऊक होतं. त्यानंच ते दोन दिवसांपूर्वी फोनवर सांगितलं होतं. आता पोरीला गालगुंड होतं म्हणावं, तर डॉक्टर हातिमचा वंश धोक्यात. नव्हतं म्हणावं, तर समोर उभी असलेली बहीण. त्यानं दोन्हीकडे पाहिलं.

“या बाई कोण?” मॅडम इंगींनी विचारलं.

“आमच्या दुकानात येतात,” वगीह म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला लांबून ऐकू आला. “गिऱ्हाईक आहेत. त्यांची काहीतरी गल्लत होतेय.”

थोरल्या मुलीनं तोंड उघडलं. इब्तिसामनं तिच्याकडे न बघता तिचा दंड धरला.

“हो बाईसाहेब,” ती म्हणाली. आवाज इतका हळू, की तो तिचा आहे हे पटायला वेळ लागला. “गल्लतच झाली. डॉक्टरांकडे इतक्यांची लेकरं येतात. ते दुसऱ्याच कुणाचं असेल. माफ करा हं, डॉक्टर. तुमच्या सुट्टीच्या दिवशी तुम्हाला त्रास दिला.”

हमादा अजून पायाला धरून होता. “मामा, उचल.”

“गोड आहे,” मॅडम इंगी हसल्या. त्यांचा जीव अर्धा भांड्यात पडला होता. “अशा लोकांची मुलं सगळ्यांनाच मामा म्हणतात, नाही?” आणि उरलेला अर्धा पडावा म्हणून त्या रोदैनाकडे वाकल्या. “तू ओळखतेस का गं यांना? आत्या म्हणालीस ना मघाशी?”

रोदैनानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. नियम बदललेत, हे तिला तिथं वाचता आलं. तिनं गालांवरचे हात काढले.

“नाही,” ती गोड हसून म्हणाली. “ही दुसऱ्या कुणाची तरी आत्या आहे.”

नशवा समुद्राकडे बघू लागली. इब्तिसामनं हमादाला भावाच्या पायावरून सोडवून घेतलं, पातेलं सावरलं आणि ती गर्दीत गेली. तिचा आवाज कुठूनच ऐकू येईना.

झोपडीवर परत येताना डॉक्टर हातिमनी वगीहच्या खांद्यावर हात ठेवला. नव्या दुकानाचं पुढच्या महिन्यापासून नक्की समजा, म्हणाले. वगीहनं आभार मानले. ते मानताना शब्द बरोबर निघाले, यात त्याचं काही कर्तृत्व नव्हतं.

गाडीत बसल्यावर रोदैनानं मागून विचारलं, “बाबा, ती परत आपली आत्या कधी होणार? आज की उद्या?”

नशवानं खिडकीबाहेर पाहिलं. वगीहनं गाडी घराच्या रस्त्याला न घालता मायक्रोबसच्या थांब्याकडे वळवली.

मन्सूराची बस भरत आली होती. “एक माणूस! मन्सूरा, एकच माणूस!” ड्रायव्हर ओरडत होता. इब्तिसाम मागच्या बाकावर पोरांसकट बसली होती.

“अब्ला, उतर. गाडी आणलीय. पोरांनाही घे.”

“नको डॉक्टर. आम्ही जागा धरलीय.”

“अब्ला, ऐक तरी.”

“लोक बघतायत, डॉक्टर. गिऱ्हाइकांची तुम्ही एवढी काळजी घेता, मन्सूरात असं दुकान शोधून सापडणार नाही.”

“डॉक्टर आहात?” पुढच्या बाकावरचा, मासळीची टोपली मांडीवर घेतलेला म्हातारा वळला. “माझा हा गुडघा बघा जरा. बसलं की उठवत नाही.”

“तुम्ही बसणार की दार अडवणार?” ड्रायव्हर म्हणाला. वगीहनं किल्ली मागं येऊन उभ्या राहिलेल्या नशवाच्या हातात दिली आणि तो आत चढला. शेवटची जागा बहिणीच्या शेजारीच होती. बस हलली. इब्तिसाम खिडकीकडे तोंड करून बसली. हमादाला यातलं काही ठाऊक नसल्यामुळं तो आईच्या मांडीवरून मामाच्या मांडीवर आला आणि वाळूसकट झोपी गेला. इस्त्रीच्या पँटवर ओली चड्डी बसली. वगीहला ते योग्यच वाटलं.

बस गावाबाहेर पडली, तोच फोन वाजला. मॅडम इंगींचा आवाज फोनबाहेरही स्पष्ट येत होता.

“डॉक्टर वगीह, थोरल्याचा गाल दुखतोय म्हणतो! खरं सांगा मला!”

“मॅडम, आज लागलं तरी आजच गाल दुखत नाही. त्याला कितीतरी दिवस लागतात...”

“म्हणजे लागलंय?”

“नाही, म्हणजे...”

“तिला होतं की नव्हतं?”

वगीहनं मनातल्या मनात एखादं खोटं शोधलं. धैर्याचा इथं काही संबंध नव्हता. फक्त कपाट रिकामं झालं होतं, एकही उरलं नव्हतं.

“नव्हतं, मॅडम. मी ते बहिणीला सांगितलं होतं. तिला टाळायला. तुमच्याकडे तिला आणायची मला लाज वाटत होती.” मासळीवाल्या म्हाताऱ्यानं गुडघा चोळायचं थांबवलं. “ती मघाची बाई माझी बहीण. सख्खी. मी आत्ता तिच्या शेजारीच बसलोय.”

पलीकडून डॉक्टर हातिमचा आवाज आला, “आपण नंतर बोलू,” आणि फोन बंद झाला.

बसमध्ये सगळ्यांना एकदम रस्ता बघायचा होता. एका बाईनं पुटपुटत देवाचं नाव घेतलं. ड्रायव्हरनंही आरसा जरा फिरवून घेतला. ज्यांना पुढं कधीही भेटायचं नाही, अशा माणसांसमोर एवढी लाज वाटते, हे वगीहला ठाऊक नव्हतं. इब्तिसाम खिडकीबाहेर पाहतच राहिली. भाताची शेतं गेली, एक वीटभट्टी गेली. ती काही बोलेल, शिव्या देईल, निदान ‘डॉक्टर’ म्हणून टोचेल, याची तो वाट बघत होता. त्याचं उत्तर त्यानं तयार ठेवलं होतं.

हमादानं झोपेत पाय झाडला. तशी तिनं न वळताच पिशवीतून एक फडकं काढून भावाच्या मांडीवर टाकलं.

“नाक पूस त्याचं,” ती म्हणाली. “आणि नीट धर. झोपेत लाथा मारतो तो, तुझ्यासारखाच.”

वगीहनं फडकं उचललं आणि नाक पुसलं. तयार ठेवलेलं उत्तर याला लागू पडत नव्हतं. मान वर करून तिच्याकडे बघणं त्याला तिचं तल्खा येईपर्यंत जमलं नाही.