शंभर वर्षांत शंभर टक्के

बाबांनी रविवारच्या पुरवणीचं पान मटारच्या परातीशेजारी पसरलं आणि आपल्या लेखावर बोट ठेवलं.

"वाचलास?"

"वाचला," मनू म्हणाली. ती आईच्या समोर बसून शेंगा सोलत होती.

"मग?"

"चांगला उतरलाय."

पुढे काही येईल म्हणून बाबांनी खुर्ची ओढली, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. मनूने पुढची शेंग उचलली. आईने दोघांकडे एकदा पाहिलं आणि सालांचा ढीग आपल्याकडे ओढून घेतला.

या घरात असं होत नसे. बाबांची सगळी नोकरी विमा कंपनीत तक्ते करण्यात गेली होती. अमुक वयाच्या हजार माणसांपैकी वर्षभरात किती जातात, किती अंथरुणाला खिळतात, किती जणांची स्मृती ढळते, असे तक्ते. निवृत्तीनंतर ते वर्तमानपत्रात लिहू लागले, आणि लेकीच्या नोकरीने त्यांना जन्माचा विषय मिळवून दिला.

मनूच्या संस्थेची सुरुवात साध्या प्रश्नाने झाली होती. मदत करायचीच, तर ती कुठे केली म्हणजे सर्वांत जास्त जीव वाचतील? हा प्रश्न बाबांना मनापासून आवडला होता. पण हिशेब करता करता संस्थेतली मंडळी अजून न जन्मलेल्या माणसांपर्यंत पोचली, आणि तिथून विचार करणाऱ्या यंत्रांपर्यंत. ही यंत्रं एक दिवस हाताबाहेर जातील आणि माणूसजातच संपवतील अशी त्यांना भीती होती. त्या भीतीला ते टक्के लावत. तिथे बाबांचं डोकं फिरलं.

"जे एकदाही घडलं नाही त्याचे टक्के कुठून काढता?" ते विचारत. "आणि उद्याच्या अब्जावधी माणसांना पारड्यात बसवलंत, की आज जिन्यात पडलेला म्हातारा हलकाच ठरणार. त्याला उचलायचं कोणी?"

"पहिलं घर जळण्याआधी विमा काढणाऱ्यालाही लोक हसलेच असतील," मनू म्हणायची.

"घरं जळतात, हे त्याने पाहिलं होतं."

"आणि न पाहिलेलं कधी घडलंच नाही का, बाबा?"

ताटं वाळून जात, आई दोनदा भाजी गरम करून आणी आणि शेवटी दिवा मालवायची धमकी देई. मनू परत निघाली की जिन्यातूनही एखादा मुद्दा वर फेकायची. बाबा कठड्यावरून वाकून उत्तर द्यायचे. शेजाऱ्यांना वाटे, बाप-लेकीचं फाटलंय. खरं तर तेच त्यांचं बोलणं होतं. तब्येत कशी आहे, जेवतेस का वेळेवर, हे प्रश्न आईच्या वाटणीचे होते.

या वेळचा लेख मात्र थेट मनूच्या संस्थेच्या अहवालावर होता. गावभर वाचला गेला. जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले, संपादकांनी आणखी एक लेख मागितला. मनूचा फोन आला नाही. चार दिवसांनी ती स्वतःच आली, बॅग घेऊन, न कळवता. रजा शिल्लक होती म्हणाली.

संध्याकाळी दोघं बागेत फिरायला गेली. बाबांनी पहिल्या वळणावरच सुरुवात केली.

"तुमच्या साहेबांना झोंबला असेल."

"थोडा."

"उत्तर देणार आहेत का?"

"बघू म्हणाले."

मनूने त्यांचा हात धरला होता. पायवाट एका जागी उखडली होती, तिथे तिने पकड किंचित घट्ट केली. तेही बाबांच्या लक्षात आलं. त्यांनी मग दुसरा मुद्दा काढला, तिसरा काढला. प्रत्येक वेळी ती म्हणाली, "तेही खरंच आहे." बाबांना आयुष्यात इतके विजय एका संध्याकाळी मिळाले नव्हते. चौथा मुद्दा त्यांनी काढलाच नाही, कारंज्याजवळच्या बाकावर जाऊन बसले.

कारंजं बंद होतं. हौदात पानं तरंगत होती.

"शेवटी तुम्ही लोक छातीठोकपणे सांगता ना," बाबा सावकाश म्हणाले, "की दहा वर्षांत माणूस नक्की संपणार."

हे खोटं होतं. संस्थेने असं कधीही म्हटलं नव्हतं. 'नक्की' या एका शब्दावरून मनूने मागे त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला होता. शक्यता म्हणजे खात्री नव्हे, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत आणि आता तुम्हीच आमच्या तोंडी खात्री घालता, असं ती तेव्हा तणतणत म्हणाली होती.

"म्हणत असतील काही जण," मनू म्हणाली. "चला, गार वारा सुटलाय."

बाबा उठले.

घरी आल्यावर ते थेट आपल्या खोलीत गेले आणि लेख उघडून बसले. दुसऱ्याचा मसुदा तपासावा तसा पेन्सिल घेऊन वाचू लागले. पहिला परिच्छेद ठीक होता, दुसराही. पाचव्यात एक जागा होती, जिच्यावर सगळे फोन करणारे खूश होते. 'यांच्याच हिशेबाने धोका वर्षाला एक टक्का. म्हणजे शंभर वर्षांत शंभर टक्के. तेव्हा शंभराव्या वर्षी हा अहवाल वाचायला कोणीही नसणार, हे ठरलं.'

पेन्सिल त्या ओळीखाली थांबली.

वर्षांचे टक्के असे एकावर एक रचायचे नसतात. एका वर्षी वाचलेलाच पुढच्या वर्षी धोक्यात येतो. हिशेब बरोबर केला तर शंभर वर्षांत त्रेसष्टच्या आसपास येतात, शंभर कधीच नाही. कंपनीत नव्याने आलेल्या पोरांना ते पहिल्याच दिवशी हे विचारत, आणि जो शंभर म्हणेल त्याला महिनाभर ऐकवत. मनूला तर त्यांनी ती शाळेत असताना फासे टाकून दाखवलं होतं. सहा वेळा फासा टाकला म्हणून सहाचा आकडा पडेलच असं नाही.

ती ओळ त्यांनी विनोद म्हणून लिहिली होती का? त्यांनी आठवून पाहिलं. लिहितानाचं काहीच आठवेना.

बाहेरच्या खोलीत मनू लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. आई खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबा पुरवणी हातात घेऊनच आले.

"पाचवा परिच्छेद," ते म्हणाले.

मनूने वर पाहिलं. तिने विचारलं नाही, काय म्हणून.

"संस्थेने उत्तर लिहायला तुलाच सांगितलं असणार."

"हो. मी नाही म्हटलं."

"एका ओळीत लेख झोपला असता."

"माहीत आहे."

"मग?"

आईने घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतला.

"तू बोलावलंस हिला?" बाबांनी आईला विचारलं.

"हो, मीच," आई म्हणाली. "एका लेखावरून नाही, अहो. मागच्या आठवड्यात तुम्ही बाजारातून रिक्षाने आलात. आपलं घर समजून जुन्या घरी गेला होतात, तिथून."

बाबांनी मान हलवली. ती गोष्ट त्यांना आठवत होती. निदान रिक्षा आठवत होती. ते सोफ्याच्या कडेवर टेकले.

"डॉक्टरांची वेळ कधीची आहे?"

"सोमवारची," मनू म्हणाली. "मी येतेय बरोबर."

"येशील." मग त्यांनी पुरवणी तिच्या लॅपटॉपवर ठेवली. "आत्ता हे उत्तर लिही."

"बाबा, राहू दे ना."

"लिही. चूक आहे ती छापून आली पाहिजे. माझ्या नावासकट. आणि मऊ लिहू नकोस, बागेत बोललीस तसं. तो प्रकार मला अजिबात आवडला नाही."

आई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मनूने पुरवणी बाजूला केली, नाकाखालून हात फिरवला आणि टाइप करू लागली. बाबा शेजारी सरकून पडद्याकडे पाहत होते. पहिल्या वाक्यात 'ज्येष्ठ अभ्यासक' आलं, ते त्यांनी काढायला लावलं. दुसऱ्या वाक्यात 'अनवधानाने' आलं.

"अनवधानाने कशावरून?"

"बाबा."

"तुला माहीत आहे का? नाही ना? मग काढ."

तिने काढलं. तिसऱ्या परिच्छेदात तिने घराचा आणि विम्याचा जुना मुद्दा घातला. बाबा म्हणाले, तो लंगडा आहे. ती म्हणाली, लंगडा तुम्हाला वाटतो, कारण त्याचं उत्तर तुम्ही आजवर दिलेलं नाही. दोघांचे आवाज चढले. आई मुकाट्याने भाजी गरम करायला निघून गेली.

ती गेल्यावर बाबांनी आवाज खाली आणला.

"सोमवारी डॉक्टर जे सांगतील ते. तुझ्या अंदाजाने किती टक्के?"

मनूची बोटं थांबली. दिवसभर भलभलत्या गोष्टींना टक्के लावणं हेच तिचं काम होतं.

"नाही सांगता येत," ती म्हणाली. "एकट्या माणसाचा आकडा नसतो."

"पण माझ्या वयाच्या हजारांचा असतो. रिक्षा-बिक्षा धरून. तो तक्ता आमच्याच खात्याने केलाय."

"मग तुम्ही सांगा."

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. आकडा त्यांना आठवत होता, दशांशासकट.

"चौथा परिच्छेद घे," ते म्हणाले.